नात्याचा रकाना

३ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

त्या रकान्यात मी खूण केली नसती, तर थॉर्नबेरी कॉलेजने मला घेतलं असतं का?

प्रश्न माझा नाही, जोनेलचा आहे. संध्याकाळी कोलार्डच्या भाजीची पानं धुताना तिने तो विचारला, मीठ कुठे ठेवलंय असं विचारावं तसा. मी म्हटलं, "मला माहीत नाही." ती म्हणाली, "बरं," आणि पानं निथळत ठेवून निघून गेली. तिचं काम झालं. माझं मात्र तेव्हापासून कशात लक्ष नाही.

म्हणून ही वही काढली. मे महिन्यात पदवी मिळाली तेव्हा चर्चमधल्या मिस अर्नेस्टीननी दिली होती. "घरातली पहिली पदवीधर तू. मोठे विचार येतील, लिहून ठेव," म्हणाल्या होत्या. पाच महिन्यांत हा पहिलाच आला.

रकाना म्हणजे प्रवेशअर्जातला वंशाचा रकाना. पाच वर्षांपूर्वी मी त्यात 'कृष्णवर्णीय' या शब्दापुढे खूण केली होती, आणि कॉलेजं तेव्हा ती खूण बघून थोडं झुकतं माप देत. या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ते बंद केलं. आता अर्जात रकाना असतो, पण अर्ज वाचणाऱ्यांना तो दिसत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण वाचणाऱ्यांत आता मी आहे. जुलैपासून थॉर्नबेरीच्याच प्रवेश कार्यालयात नोकरी करते. रोज चाळीस मिनिटं गाडी चालवत जाते आणि सगळ्या रस्त्यात जगाचा विचार करते.

जोनेल माझी धाकटी बहीण, सतरा वर्षांची. तिला थॉर्नबेरीच हवं आहे. गेल्या वर्षी मी तिला कॉलेज दाखवायला नेलं तर ती हरवली. तासाभराने सापडली ती यंत्रशाळेत, एका मोठ्या लेथसमोर, चर्चमध्ये उभी असल्यासारखी. तिचा अर्ज माझ्या टेबलावर येणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी आमच्या मुख्य बाईंना, मिसेस ब्रॅनिगनना, लिहून दिलं आहे.

पण तिला या वर्षी ते झुकतं माप मिळणार नाही. मला मिळालं होतं. बहुधा.


४ ऑक्टोबर, बुधवार

कायद्याने माजी विद्यार्थ्याला स्वतःची प्रवेशाची फाइल बघता येते. आज अर्ज करून टाकला. मिसेस ब्रॅनिगन म्हणाल्या, "नक्की? काहीजण बघून पस्तावतात." मी म्हटलं, "सत्य कळलेलं बरं." त्या हसल्या. का ते कळलं नाही.


८ ऑक्टोबर, रविवार

आजीने घात केला.

आजी चर्चमध्ये दारावर असते. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, एक हात कायम पाठीमागे. दुसऱ्या हाताचा पंजा तिने नुसता हलवला की चर्चचे कारभारी, डीकनसुद्धा, निमूट सरकून बसतात. दारावरच्या बायकांनी बोलायचं नसतं. पण आज सूचना सुरू झाल्या आणि आजी दार सोडून मधल्या वाटेत येऊन उभी राहिली.

"आमची केझाया आता कॉलेजच्या दारावर असते," ती म्हणाली. "मी इथे, ती तिथे. आत कोणाला बसवायचं ते ती ठरवते. तर पोरांचे कागद तिच्याकडे द्या. आमच्या जोनेलची जागा तर झालीच समजा."

"आमेन!" सगळे म्हणाले. पास्टरसुद्धा.

प्रार्थना संपेपर्यंत माझ्याकडे चार निबंध, दोन पाउंड केक आणि रताळ्याचं सारण भरलेली एक गोड पाई जमा झाली होती. ब्रदर मर्विननी नातवाला पुढे ढकललं. तो तिसरीत आहे. "घाई नाही," ते म्हणाले, "नाव तेवढं टाकून ठेव."

गाडीत मी आजीला समजावलं. "आजी, मी ठरवत नाही. मी वाचते आणि शेरा लिहिते. तिथे सगळ्यात लहान मी आहे."

"देवाच्या दारातले दूतही शेराच लिहितात," आजी म्हणाली. "केक आडवा होऊ देऊ नकोस."


११ ऑक्टोबर, बुधवार

आज एक अर्ज वाचून टेबलावरून उठावं लागलं. पश्चिमेच्या डोंगरातली मुलगी. नावावरून गोरी असावी. बाप नाही, आई आजारी, ही पहाटे शेळ्यांचं दूध काढून मग शाळेत. गुण चांगले, पण निबंध अगदी कच्चा. मध्येच संपतो. शेवटचं वाक्य असं: 'आणखी लिहिलं असतं पण आमच्याकडे असं काही लिहिलेलं कोणी वाचून बघणारं नाही.'

हिच्यासाठी कुठलाच रकाना नाही. कधी नव्हताच. माझ्या वर्षी हिने अर्ज केला असता आणि एकच जागा उरली असती, तर? तो विचार पुरा करण्याचं धैर्य झालं नाही. दोन केकपैकी एक ऑफिसात नेला होता, त्याचा तुकडा खाल्ला.

शेजारच्या टेबलावर व्हिट कॅलोवे बसतो. माझ्याच वर्गातला. नदीकाठच्या कॉलेजच्या बोटहाऊसवर त्याच्या पणजोबांचं नाव कोरलेलं आहे, पैसे त्यांनीच दिले होते. स्वभावाने फार चांगला, अर्धा केक त्यानेच संपवला.

मी विचारलं, "व्हिट, तुला इथे का घेतलं असेल, असा विचार कधी मनात येतो?"

"का घेतलं म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या लायकीवर की..."

तो प्रामाणिकपणे विचारात पडला. "नाही गं. कोणी विचारलंच नाही कधी."

मला पहिल्या सत्रातच तिघांनी विचारलं होतं. एकाने तर जेवणाच्या रांगेत.


१४ ऑक्टोबर, शनिवार

जोनेलशी भांडण.

कोर्टाने एक खिडकी उघडी ठेवली आहे. रकाना बघायचा नाही, पण आपल्या वंशामुळे आयुष्यात काय घडलं ते मुलांनी निबंधात लिहिलं तर वाचता येतं. मी तिला हे तीनदा सांगितलं. तिने निबंध लिहिला आहे बसच्या हीटरवर.

आई शाळेची बस चालवते. गेल्या जानेवारीत हीटर बंद पडला, गॅरेजवाल्याने आठवडा लागेल म्हणून सांगितलं, आणि जोनेलने एका बुधवारी तो स्वतः उघडून दुरुस्त केला. निबंधात नळ्या आहेत, झडप आहे, आईने तोंडात धरलेला टॉर्च आहे. आमच्या पूर्वजांबद्दल एक ओळ नाही.

"तू काळी आहेस हे यात कुठे आहे?" मी विचारलं.

"आठवडाभर असतेच मी काळी," ती म्हणाली. "बुधवारी हीटर बिघडला होता. मी बुधवारबद्दल लिहिलंय."

"बस चालवून दुखणाऱ्या आईच्या गुडघ्याबद्दल लिही. आजीला नोकरीत मिळालेल्या वागणुकीबद्दल लिही. त्यांना कळायला नको, आपण कुठून आलो?"

"आईचा गुडघा आईचा आहे. तिला विचार, विकायचाय का."

आई आतून ओरडली, "गिऱ्हाईक कोण आहे?"

दोघी हसत सुटल्या. मला हसू आलं नाही. मी तिच्या भल्याचं सांगत होते. माझा स्वतःचा निबंध किती गंभीर होता ते मला आठवतं. पहिलं वाक्य लिहायलाच आठवडा लागला होता.


२२ ऑक्टोबर, रविवार

हे लिहिताना कान गरम होत आहेत.

दुपारी जोनेलने अर्जाचं पाचवं पान माझ्यापुढे धरलं. "हे वाच. आणि चेहरा सरळ ठेव."

'आपल्या कुटुंबातील कोणी (आईवडील, आजीआजोबा, बहीणभाऊ) थॉर्नबेरीचे पदवीधर आहे काय? असल्यास खूण करा.'

बहीणभाऊ!

हा नात्याचा रकाना. कोर्टाने याला हात लावलेला नाही. हा वाचणाऱ्यांना दिसतो, आणि यालाही झुकतं माप असतं. हा काढून टाकावा म्हणून दुसऱ्या वर्षी मी अख्ख्या कॉलेजात सह्या गोळा केल्या होत्या. पावसात, छत्री नसताना. फलकावर मी स्वतः रंगवलं होतं: 'नाती मोजू नका'. आणि आता ते नातं म्हणजे मी.

जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला.

"दोन्ही हातांनी खूण कर," आजी म्हणाली. "त्या लोकांनी शंभर वर्षं केली."

"आजी, पण ते चूक होतं."

"ते करत होते तोवर चूक होतं. आता आपण करू, जरा बरोबर होईल."

"असं कसं? मला मिळालं ते वेगळं होतं. हा नुसता वशिला आहे."

"मग तुला मिळालं त्याबद्दल तरी तोंड पाडून का फिरतेस तीन आठवडे?" आजीने काटा खाली ठेवला. "काळ्या बायकांनाही घ्या म्हणून सरकारनं टेलिफोन कंपनीचा कान धरला तेव्हा मला घेतलं. त्र्याहत्तर साली. बाकीच्या बायका मला 'सरकारी' म्हणायच्या, डबा खायला लांब बसायच्या. मी म्हटलं बसा. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या अर्ध्याजणींना स्विचबोर्ड मी शिकवत होते."

"आणि तुला कधी वाटलं नाही, की आपली लायकी होती की..."

"वाटायला वेळ कुठे होता? फोन वाजत होते!"

आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी बस चालवते. थांब्यावर जो उभा असेल त्याला घेते. मला यातलं काही विचारू नका. कॉर्नब्रेड इकडे द्या."

 जोनेल मला निरखत होती, हीटर उघडण्याआधी निरखला असेल तशी.


२५ ऑक्टोबर, बुधवार

खूण करावी की नाही, दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. दोन्ही बाजू बरोबर निघाल्या. कागद फेकून दिला.


३१ ऑक्टोबर, मंगळवार

मिसेस ब्रॅनिगननी बोलावलं. नऊ तारखेला विश्वस्तांची बैठक आहे. नात्याचा रकाना काढायचा का, आणि काढायचा तर याच वर्षीपासून का, हे तिथे ठरणार. विश्वस्तांना कार्यालयातल्या कोणाचं तरी म्हणणं ऐकायचं आहे.

"सह्या तू गोळा केल्या होत्यास," त्या म्हणाल्या. "तू बोलावंस असं मला वाटतं."

"मॅम, माझी बहीण या वर्षी..."

"माहीत आहे. म्हणूनच विचारते आहे, पाठवत नाही. तुला नाही म्हणता येईल. मग मी एक पान लिहून देईन, ते विश्वस्त चहाबरोबर वाचतील."

म्हणजे मी बोलले आणि त्यांनी ऐकलं तर जोनेलचं माप मीच काढून घेतलं. गप्प बसले तर तो फलक रंगवणारी मुलगी कोण होती? गुरुवारपर्यंत वेळ मागून घेतला.

घरी आले तर हॅलोविनची सोंगं घेतलेली मुलं दारोदार गोळ्या मागत फिरत होती. ब्रदर मर्विनचा नातू भूत होऊन आला. पिशवी उघडून म्हणाला, "माझं नाव टाकलंस का?"


२ नोव्हेंबर, गुरुवार

हो म्हटलं. घरी सांगितलं नाही.


३ नोव्हेंबर, शुक्रवार

फाइल मिळाली. गाडीत बसून उघडायचं ठरवलं होतं, पण उघडलीच नाही. घरी आणली आणि जोनेलच्या पलंगावर बसून म्हटलं, "तू उघड."

एकूण सात पानं. पहिल्या वाचकाचा शेरा: 'गुण उत्तम. या परगण्यातून आजवरचा पहिलाच अर्ज. निबंध तळमळीचा, पण जड. आठवड्याला असे पन्नास येतात. शेवटी आजीच्या हातमोज्यांवरच्या चार ओळी आहेत तिथे मुलगी जिवंत होते. ती मुलगी मला इथे बघायला आवडेल.'

दुसऱ्याचा: 'घ्यावी. नाही म्हणायला कारण सापडत नाही.'

आणि वंशाच्या रकान्यात माझी खूण होती, तिच्याशेजारी कोणीतरी पेन्सिलने एक छोटं टिंब दिलं होतं. बस. एक टिंब. शब्द नाही.

मी ते टिंब किती वेळ बघत होते कोण जाणे. ते दहा गुणांचं होतं, की शून्य, की वाचणाऱ्याची पेन्सिल नुसती तिथे टेकली होती?

"चार वर्षं तू या टिंबासाठी झोप घालवलीस?" जोनेलने विचारलं. मग ती माझा निबंध मोठ्याने वाचू लागली. 'माझ्या पूर्वजांचे अश्रू माझ्या लेखणीची शाई आहेत.' आई धुतलेले कपडे टाकून ऐकायला आली. आजी म्हणाली, "कोणाचे अश्रू? तुझा पणजोबा भयंकर विनोदी माणूस होता."

मग हातमोज्यांच्या ओळी आल्या. मी विसरूनच गेले होते. आजी हातमोजे वाळत घालते तेव्हा दोरीवर दहा पांढरी बोटं वाऱ्यावर हलतात आणि वाटेने जाणारी माणसं नकळत रांगेत चालू लागतात, असं काहीसं. कोणी हसलं नाही. आजीने डोळे पुसले आणि म्हणाली की कांदा फार तिखट आहे. कांदा कोणी चिरत नव्हतं.

जोनेल म्हणाली, "बघ. तुझा हीटर तर हाच होता."

तिला नक्की काय म्हणायचं होतं, विचारायचं राहिलं.


६ नोव्हेंबर, सोमवार

दोन गोष्टी.

पहिली. माझं बघून व्हिटनेही त्याची फाइल मागवली होती. आज आली. तो उभ्यानेच वाचू लागला आणि हळूहळू खुर्चीत बसला.

"काय लिहिलंय?"

"पहिल्याने एकच शब्द लिहिलाय. 'बोटहाऊस'. खाली दोन रेघा."

"आणि दुसऱ्याने?"

"'अर्थात.'"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, खरंच केला. पण तोच आधी फुटला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मग म्हणाला, "मला वाटायचं माझा निबंध आवडला त्यांना. कुत्र्यावर होता. चांगला होता गं तो कुत्रा."

"निबंध कोणी वाचला असेल की."

"असेल," तो म्हणाला. "आता मलाही कधी कळणार नाही." तो कागद त्याने टेबलासमोरच्या भिंतीला टाचणीने लावला. विश्वस्तांना हवं तर हे सांग, म्हणाला. मी सांगणार नाही. ते त्याचं आहे.

दुसरी. घरी आले तर जोनेलच्या संगणकासमोर आजी. चष्मा नाकावर, आणि उजव्या हातात चर्चचा हातमोजा.

"हे काय?"

"ते उंदरासारखं यंत्र निसटतं हातातून," आजी म्हणाली. "जोनेल मला खूण कशी करायची ते शिकवतेय. चर्चच्या यादीसाठी."

आजी या वयात नवीन काही शिकते आहे, याचं मला फार कौतुक वाटलं. तसं म्हटलंही. जोनेल खोकत बाहेर गेली.

मागोमाग जाऊन मी तिला बैठकीबद्दल सगळं सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अर्ज गेला. अर्ध्या तासापूर्वी."

"आणि तो रकाना?"

"सांगणार नाही."

"जोनेल!"

"तुम्हाला आता एक रकाना दिसत नाही ना? हाही दिसला नाही असं समज. मला काय होईल ते न बघता जे खरं वाटतं ते बोल. बघून बोललीस, तर मी तुला कधी माफ करणार नाही. कुठल्याही बाजूने बोललीस तरी."

सतरा वर्षांची आहे. हे कुठून शिकली?


१० नोव्हेंबर, शुक्रवार

काल मी बोलले.

लांब टेबल, चौदा माणसं, भिंतीवर आणखी चौदा तसबिरी. पाठ केलेलं सगळं विसरले. पहिल्यांदा सांगितलं की माझी बहीण अर्जदार आहे, तिने हा रकाना भरला की नाही मला माहीत नाही, आणि भरला असेल तर आज मी तिचं नुकसान करायला उभी आहे. चहाचे कप खाली ठेवले गेले.

मग मी शेळ्यांच्या मुलीचं शेवटचं वाक्य सांगितलं. नाव, गाव नाही, फक्त वाक्य. म्हटलं, "वाचून बघणारं कोणी नाही, हे तिचं दुखणं आहे. माझ्या बहिणीला वाचून बघणारी मी आहे. तिने माझं ऐकलं नाही ही गोष्ट वेगळी. नात्याचा रकाना हेच विचारतो, की घरात आधीच कोणी आहे का? आणि आहे म्हणणाऱ्याला आणखी देतो."

टोकाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. आवाज सौम्य होता. "मिस प्रुइट, मग तुम्हाला स्वतःला जे झुकतं माप मिळालं, तेही चूकच ना? कोर्टाने ते काढलं, आम्ही हे काढू. हिशेब फिटला."

महिनाभर मी स्वतःला हेच विचारत होते. मी म्हटलं, "सर, ते मला मिळालं का, किती मिळालं, मला माहीत नाही. फाइलमध्ये पेन्सिलचं एक टिंब आहे. पण हे कॉलेज एकशे अठरा वर्षांचं आहे आणि माझ्या परगण्यातून इथे आलेली पहिली मी. तिथे एवढ्या काळात एकही हुशार मूल जन्मलं नाही, असं आपल्याला वाटत असेल तर मी खाली बसते."

कोणी बस म्हणालं नाही.

"ते टिंब मला अजून गरजेचं वाटतं," मी म्हटलं. "डोंगरातल्या मुलीवर त्याने अन्याय होतो का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिलाही टिंब हवं. कोर्टाचं मी पाळते. पण ज्याला सगळ्यात कमी गरज आहे त्याचंच माप तेवढं ठेवायचं, हे मला आजीला समजावून सांगता येणार नाही."

खरं म्हणजे आजीला दुसरंच समजावून सांगायचं आहे.

मतदान लगेच झालं. नऊ विरुद्ध पाच. रकाना गेला, याच वर्षीपासून, आलेल्या अर्जांनाही लागू.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "हं," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. जोनेलने विचारलं, "न बघता बोललीस?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग झालं," आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काहीही कळलं नाही.

आजी मात्र पेटली.

"शंभर वर्षं तो दरवाजा त्यांच्यासाठी उघडा! आपली पाळी आली, पहिल्याच वर्षी, आणि कडी कोणी लावली? माझ्या नातीनं! दुसरा कोणी मिळाला नाही त्यांना? आणि मी माझ्या या हातानं..."

एवढं म्हणून ती एकदम थांबली आणि ओव्हन बघायला गेली. हाताने काय, ते सांगितलंच नाही. बहुधा पाई जळत होती.

तिच्या बोलण्यात खोटं काही नाही. पाळी आली तेव्हाच कडी लागली, हे खरंच आहे. मी रात्री जेवताना तिला म्हटलं, "आजी, माझ्याकडे याला उत्तर नाही." ती म्हणाली, "मग भात घे."


१२ नोव्हेंबर, रविवार

आजीने दारातच पंजा हलवला आणि मला शेवटच्या रांगेत बसवलं. खांबामागे. तिथे गेल्या वर्षी फक्त ब्रदर मर्विनना बसवलं होतं, घोरल्याबद्दल. सगळ्या चर्चने बघितलं.

चार निबंध मी वाचून, प्रत्येकावर दोन-दोन पानं लिहून परत आणले होते. मुलांना म्हटलं, शनिवारी या, खालच्या सभागृहात बसू, मी ठरवत नाही पण वाचून बघते. सात जण येणार आहेत. डोंगरातली मुलं इथवर येऊ शकत नाहीत, पण मिसेस ब्रॅनिगननी आज सकाळी कळवलं की वसंतात कॉलेजची गाडी त्या भागात पाठवायला त्या तयार आहेत. व्हिटने गाडी चालवायचं कबूल केलं आहे. म्हणतो, बोटीपेक्षा गाडी बरी चालवतो.

दानाची टोपली फिरवत आजी खांबापाशी आली. समोर बघत, ओठ न हलवता म्हणाली, "चुकीचं केलंस."

"हो, मॅम."

"बोलताना नीट उभी होतीस ना?"

"हो, मॅम."

"हात?"

"एक पाठीमागे, मॅम."

आजीने पांढऱ्या पंजाने खूण केली. मी उठून तीन रांगा पुढे जाऊन बसले.


१३ नोव्हेंबर, सोमवार

मिसेस ब्रॅनिगन म्हणाल्या, "रकाना वाचकांच्या पडद्यावरून काढायचा आहे. तंत्रज्ञ दुपारी येईल. की तू काढतेस?"

मी म्हटलं, मी काढते.

यादी पडद्यावर आली. आडनावांच्या क्रमाने, प्रत्येक नावाशेजारी नात्याचा चौकोन, काही रिकामे, काही भरलेले. आमची प्रुइट खाली कुठेतरी होती. मी एक कोरा कागद घेऊन पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर धरला, आणि दुसऱ्या हाताने कळ दाबली.

कागद बाजूला केला तेव्हा चौकोन नव्हते. नाव संपलं की सरळ निबंध सुरू होत होता.